साडेचार तासांनी हुकलेली संक्रांत

यंदाच्या, म्हणजे शके १९४८ च्या पंचांगात ज्येष्ठ दोन आहेत. १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ, आणि त्याच्यामागून येणारा निज, म्हणजे नेहमीचा, ज्येष्ठ. ऐन मेच्या सुट्टीत धोंड्याचा महिना म्हटल्यावर मंगल कार्यालयवाल्यांचा हंगाम मधोमध कापला जातो, सराफाकडे चांदीची निरांजनं हलू लागतात, जावईबापू एकाएकी सासरी फोन करून ख्यालीखुशाली विचारू लागतात. आणि घरच्या ग्रुपांवर ‘असा योग शेकडो वर्षांनी’ छापाचे संदेश फिरू लागतात. त्यातला कुठलाही संदेश पुढे ढकलण्याआधी पाच मिनिटं काढली, तर भिंतीवरच्या कॅलेंडरातूनच अधिक महिन्याचा हिशोब स्वतः लावून बघता येतो. वजाबाकीपलीकडचं गणित त्याला लागत नाही.

मुळात भानगड अकरा दिवसांची आहे. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं जातात. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस आणि वर जवळजवळ नऊ तास. सूर्याला मात्र बारा राशींचा फेरा पुरा करायला ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं लागतात. दर वर्षी चंद्राचं वर्ष १०.९ दिवसांनी तोकडं पडतं. ही तूट तशीच साचू दिली तर सोळा-सतरा वर्षांत दिवाळी उन्हाळ्यात येईल. तूट महिनाभराची झाली की एक जादा महिना घालायचा, इतकी ही साधी तजवीज.

पण तो महिना नेमका कुठे घालायचा? इथे आपल्याकडच्या गणितींनी जो नियम बसवला तो मला फार आवडतो, कारण त्यात कुणाला बसून काही ठरवावं लागत नाही. महिन्याचं नाव सूर्य ठरवतो. ज्या चांद्रमासात सूर्य मेष राशीत शिरतो तो चैत्र, वृषभेत शिरतो तो वैशाख, मिथुनेत शिरतो तो ज्येष्ठ, आणि याच क्रमाने पुढे. आता एखादी अमावास्या संपली, पुढची अमावास्याही संपली आणि मधल्या काळात सूर्याने रास बदललीच नाही, तर त्या महिन्याला नावच मिळत नाही. मग तो पुढच्या महिन्याचं नाव उसनं घेतो आणि ‘अधिक’ म्हणवतो. संक्रांतीविना, म्हणजे सूर्याच्या राशिप्रवेशाविना, गेलेला महिना तो अधिक मास, एवढीच त्याची व्याख्या.

यंदाचे आकडे घ्या. वैशाखातली अमावास्या १६ मेच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे इंग्रजी तारखेने १७ मेला रात्री १ वाजून ३१ मिनिटांनी संपते. सूर्य वृषभेत गेला तो त्याच्या आधीच, १५ मेच्या सकाळी. पुढची अमावास्या १५ जूनला सकाळी ८ वाजून २४ मिनिटांनी संपते. आणि सूर्य मिथुनेत जातो तो त्याच दिवशी, पण दुपारी एकच्या सुमारास. संक्रांत साडेचार तासांनी हुकली. ती सकाळी आठच्या आत झाली असती, तर हाच महिना सरळ ज्येष्ठ ठरला असता, वटपौर्णिमा मेच्या शेवटी आली असती आणि जावयांचं वाण पुढच्या महिन्यावर गेलं असतं.

हे घरी पडताळायचं तर पंचांगातल्या दोनच नोंदी शोधायच्या: अमावास्येची समाप्ती आणि ‘रवि मिथुनेत’ अशासारखी राशिप्रवेशाची वेळ. दोन सलग अमावास्यांच्या समाप्तींच्या मधे अशी नोंद आहे की नाही, एवढंच बघायचं. चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली, लोक कॅलेंडरच्या चौकोनात ‘अमावास्या’ लिहिलेला दिवस धरतात आणि समाप्तीची वेळ बघत नाहीत. चौकोनात सूर्योदयाला चालू असलेली तिथी छापलेली असते, ती तासाभरात संपत असली तरी. यंदा १५ जूनच्या चौकोनात अमावास्या आहे आणि संक्रांतही, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला महिन्यात संक्रांत सापडल्यासारखी वाटते. दुसरी चूक वेळेच्या छपाईची. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २४ च्या पुढे मोजतात. १६ मेसमोर २५-३१ असं दिसलं तर ती मुद्रणातली गफलत नव्हे, रात्रीचा १ वाजून ३१ मिनिटांचा तो ठोका.

जुन्या ग्रंथांतून येणारं अधिक महिन्याचं माप ३२ महिने, १६ दिवस आणि ४ घटिका. घटिका म्हणजे २४ मिनिटं. हा आकडा हवेतून आलेला नाही. सूर्यसिद्धांतात ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात १५,९३,३३६ अधिक मास दिले आहेत. एवढ्या वर्षांचे सौर महिने होतात ५,१८,४०,०००. भागाकार करा, ३२.५३५ येतात. दशांशानंतरच्या भागाचे दिवस आणि घटिका केल्या की बरोबर १६ दिवस ४ घटिका. आजच्या वेधांनी येणारं उत्तरही याला अगदी लागून आहे.

फक्त ही सरासरी आहे, वेळापत्रक नव्हे, हे विसरलं की घोटाळा होतो. २०१८ चा अधिक ज्येष्ठ आणि २०२० चा अधिक आश्विन यांत २८ महिन्यांचं अंतर. तिथून २०२३ च्या अधिक श्रावणापर्यंत ३४, आणि श्रावणापासून यंदाच्या ज्येष्ठापर्यंत पुन्हा ३४. मागच्या अधिकात ३२ महिने मिळवून पुढचा शोधायला जाल तर हमखास चुकाल.

या ओढाताणीचं कारण पृथ्वीच्या कक्षेत आहे. कक्षा किंचित लंबगोल. जुलैच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून सर्वांत लांब असतो आणि सावकाश चालतो, जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ असतो आणि भरभर चालतो. आकाशात त्याचा परिणाम असा दिसतो की सूर्याला मिथुन रास ओलांडायला साडेएकतीस दिवस लागतात, धनु रास मात्र २९ दिवस अकरा तासांच्या आसपासच उरकते. साडेएकोणतीस दिवसांचा चांद्रमास साडेएकतीस दिवसांच्या राशीत पोटातल्या पोटात मावून जातो, म्हणून उन्हाळा-पावसाळ्यातले महिने वारंवार अधिक होतात. गेल्या काही वेळची यादीच बघा: २०१२ भाद्रपद, २०१५ आषाढ, २०१८ ज्येष्ठ, २०२० आश्विन, २०२३ श्रावण, २०२६ ज्येष्ठ. अधिक मार्गशीर्ष किंवा अधिक पौष कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही, ते यामुळेच. रास चांद्रमासापेक्षाही आखूड म्हटल्यावर संक्रांतीविना महिना जायला जागाच राहत नाही.

उलट हिवाळ्यात कधीतरी एकाच चांद्रमासात दोन संक्रांती घुसतात. मग एक नाव गळतं, तो क्षयमास. १९८२-८३ मध्ये हे घडलं. १४ जानेवारी १९८३ ला सकाळी अमावास्या संपली, दुपारी मकर संक्रांत झाली, आणि १३ फेब्रुवारीला पहाटे कुंभ संक्रांत उरकल्यावर दोन-अडीच तासांनी पुढची अमावास्या संपली. दोन संक्रांती एका महिन्यात. नियमच असा की क्षयमासाच्या अलीकडे-पलीकडे एकेक अधिक येतो, त्याप्रमाणे त्या वर्षी आश्विनही अधिक होता आणि फाल्गुनही. त्याआधीचा क्षयमास १९६३-६४ चा, बरोबर १९ वर्षं मागचा. पुढचा मात्र २१२४ च्या आसपास असल्याने ज्यांनी १९८३ पाहिलं त्यांनी खरोखरचा दुर्मीळ योग पाहिला, आणि बहुतेकांच्या लक्षातही राहिला नाही.

दुर्मिळतेचा विषय निघालाच आहे तर २०२० सालचं एक पिल्लू आठवा. लीप वर्ष आणि अधिक मास एकाच वर्षी येणं म्हणजे शतकाशतकांतून घडणारी गोष्ट, असं तेव्हा सगळीकडे फिरलं. करोनामुळे आधीच घाबरलेल्या लोकांनी ते खरंही मानलं. २००४ लीप वर्ष होतं, अधिक श्रावण होता. २०१२ लीप वर्ष होतं, अधिक भाद्रपद होता. २०२० मध्ये आश्विन. २००४ ते २०२४ या सहा लीप वर्षांपैकी तीन वर्षांत अधिक महिना होता. नाणं उडवलं तरी हेच प्रमाण येईल. लीप वर्ष चार वर्षांनी, अधिक मास पावणेतीन वर्षांनी, तर दोघांची गाठ पडायला शतक कशाला लागेल?

खरी लय आहे ती १९ वर्षांची. १९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, फरक राहतो चार-पाच तासांचा. १९ गुणिले १२ म्हणजे २२८, वरचे सात अधिक. म्हणून २००४ चा अधिक श्रावण २०२३ मध्ये परतला, २००१ चा आश्विन २०२० मध्ये, २००७ चा ज्येष्ठ यंदा. तिथीने वाढदिवस साजरा करणाऱ्यांनी एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वर्षी कॅलेंडर बघावं. तिथी आणि तारीख एकाच दिवशी, फार तर एका दिवसाच्या फरकाने येतात. (जन्म अधिक ज्येष्ठातला असेल तर एरवीच्या वर्षी ज्येष्ठातलीच तिथी धरायची.)

अधिक महिन्याचा व्यवहारातला फटका सणांच्या तारखांना बसतो. साध्या वर्षी सण अकरा दिवस अलीकडे सरकतात, अधिकाच्या वर्षी अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी मारतात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, यंदा १४ सप्टेंबरला. आषाढी एकादशी गेल्या वर्षी ६ जुलैला, यंदा २५ जुलैला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरला. कोकणात जाणाऱ्यांनी ही उडी आत्ताच वहीत मांडावी. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. शुक्रवार ११ सप्टेंबरची गाडी हवी असेल तर खिडकी १३ जुलैला उघडते. गेल्या वर्षीच्या तारखेत अंदाजाने अकरा दिवस वजा करून बसलेला माणूस यंदा महिनाभर आधीच रांगेत उभा राहील.

शेतकरी मात्र या उड्यांनी गडबडत नाही, कारण तो पाऊस चंद्रावर मोजतच नाही. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रं सूर्याची. मृग दर वर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो, ज्येष्ठ अधिक असो की निज. एकाच घरात पेरणी सूर्याच्या घड्याळावर आणि सण चंद्राच्या घड्याळावर चालतात, आणि दोन्ही घड्याळांतली तफावत जमेल तेव्हा भरून काढायची सोय म्हणून धोंड्याचा महिना. यंदा वारी उशिरा असल्यामुळे पालख्या आळंदी-देहूहून जुलै उजाडल्यावर हलतात. पाऊस वेळेवर आला तर पेरण्या उरकून वारीला निघायला वारकऱ्यांना चांगले दोन-तीन आठवडे जास्त मिळतात. ज्या वर्षी आषाढी जूनच्या अखेरीस येते, तेव्हा तिफण सोडून दिंडी गाठायची की दिंडी सोडून तिफण धरायची, असा पेच असतो.

उत्तरेकडच्या शेजाऱ्यांशी बोलताना आणखी एक गोंधळ उडतो. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यांच्याकडे महिन्याचा कृष्णपक्ष आधी, शुक्लपक्ष नंतर. अधिक महिना मात्र दोघांकडेही अमावास्या ते अमावास्याच असतो, त्यामुळे उत्तरेत तो ज्येष्ठाच्या दोन पक्षांच्या मधोमध पाचरीसारखा बसतो. परिणाम मजेशीर आहे. एरवी त्यांची वटसावित्री, जी ज्येष्ठ अमावास्येला असते, आणि आपली वटपौर्णिमा यांत पंधरा दिवसांचं अंतर असतं. यंदा त्यांचं व्रत १६ मेला आणि आपलं २९ जूनला. चव्वेचाळीस दिवस! पुण्यातल्या सोसायटीत बिहारची शेजारीण मेमध्येच वडाला सूत गुंडाळताना दिसली, तर तिचंही बरोबर आणि तुमचंही.

घरच्या घरातला मतभेद याहून अवघड. रत्नागिरीकडे आणि इतरत्रही काही घरांत टिळक पंचांग चालतं. त्याचं आणि इतर पंचांगांचं भांडण राशीचक्र सुरू कुठून करायचं यावरून आहे. बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्याला प्रमाण मानतात: चित्रेच्या बरोबर समोरचा, १८० अंशांवरचा बिंदू हा मेषेचा आरंभ. टिळक पंचांग रेवतीतल्या एका मंद ताऱ्यापासून मोजतं. दोन आरंभांत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या चालीने चार दिवसांचा. म्हणून टिळक पंचांगात मकर संक्रांत १० जानेवारीला येते. तिथ्या दोघांच्याही सारख्याच, कारण तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला याचं माप, दर बारा अंशांना एक. आरंभबिंदू कुठलाही घ्या, दोघांतलं अंतर बदलत नाही. पण संक्रांती चार दिवसांनी सरकल्या की अधिक महिना भलत्याच ठिकाणी पडू शकतो. २०१२ मध्ये तसं झालं. इतर सर्वांचा अधिक भाद्रपद टिळक पंचांगाप्रमाणे साधा भाद्रपद होता. त्या घरांत गणपती ऑगस्टमध्ये बसले, बाकी महाराष्ट्रात १९ सप्टेंबरला. यंदाही या रैवत, म्हणजे रेवतीपासूनच्या, गणिताने मिथुन संक्रांत ११ जूनच्या आसपास पडते, म्हणजे १७ मे ते १५ जून या महिन्याला संक्रांत मिळते आणि त्या हिशोबात तो अधिक उरत नाही.

यात कोण बरोबर, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. आकाशात मेषेच्या कुंपणाचा दगड कुठेही रोवलेला नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापासून व्यंकटेश बापूजी केतकरांपर्यंत आणि पुढे लोकमान्यांपर्यंत मोठमोठी डोकी यावर भांडली. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या पंचांग-सुधारणा समितीने चित्रापक्षाचे अयनांश (राशीचक्राचा आरंभ कुठे धरायचा त्याचं माप) उचलले, आणि सरकारी राष्ट्रीय पंचांग त्याप्रमाणे निघू लागलं. बहुमताने प्रश्न मिटला, एवढंच.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक सूचना. अधिक कोणता, हे जगभर एकच असतं, कारण अमावास्येचा क्षण आणि संक्रांतीचा क्षण सगळ्या पृथ्वीसाठी सारखे. घड्याळातला आकडा तेवढा वेगळा. दिवस मात्र बदलतो. १५ जूनची सकाळची ८ वाजून २४ मिनिटं म्हणजे न्यू जर्सीत १४ जूनच्या रात्रीची १० वाजून ५४ मिनिटं, आणि लंडनमध्ये १५ च्या पहाटेची ३ वाजून ५४ मिनिटं, सूर्योदयाच्या आधी. दोन्हीकडे अधिक ज्येष्ठ १४ जूनलाच संपतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी वाण द्यायचं ठरवून भारतातलं कॅलेंडर उघडलंत, तर एक दिवस उशीर झालाच म्हणून समजा.

वाण म्हणजे अनारसे, आणि इथे पंचांगापेक्षा जास्त घात होतात. ३० अधिक ३ असे तेहतीस अनारसे, किंवा जमत नसेल तर तेहतीस बत्तासे. जाळीदार वस्तू हवी म्हणून अनारसा, आणि ती जाळी पडणं हे सगळं रसायनशास्त्र आहे. जुना, जाडसर तांदूळ घ्यायचा. नव्याचं पीठ चिकट होतं. तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. या काळात तांदूळ हलकासा आंबतो आणि दाणा बोटांनी चुरडण्याइतका मऊ होतो. पाणी बदलायला एक दिवस विसरलात, विशेषतः मेच्या उकाड्यात, तर आंबूस वास पुढे तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी निथळून सावलीत, सुती कापडावर तास-दोन तास पसरायचा. मुठीत धरला तर मूठ वळावी, पण हाताला पाणी लागू नये, एवढा ओलावा ठेवून दळायचा आणि बारीक चाळणीने चाळायचा.

चार वाट्या पिठाला साडेतीन ते चार वाट्या किसलेला साधा गूळ आणि दोन चमचे तूप. चिकीचा गूळ नको, अनारसा दगड होतो. मळून घट्ट गोळा डब्यात चार-पाच दिवस ठेवला की गूळ पिठातला ओलावा ओढून घेतो आणि सगळं एकजीव होतं. मग लहान गोळी खसखशीवर थापायची आणि मध्यम तापलेल्या तुपात खसखस वर ठेवून सोडायची. उलटायची नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. तळलेले अनारसे चाळणीत उभे ठेवायचे, आडवे रचले की तूप आतच राहतं.

आणि मग अनारसा हसतो. तुपात पडल्या पडल्या पसरून, फुटून, भुगा होऊन तरंगू लागतो. कारणं तीनच: गूळ जास्त, पीठ जास्त ओलं किंवा तूप कोमट. तूप कोमट असेल तर पिठाचा सांगाडा आवळण्याआधीच गूळ वितळतो आणि धरून ठेवणारं काही उरत नाही. आधी तूप थोडं तापवून एक गोळी टाकून बघा. तरीही हसला तर तेच कोरडं तांदळाचं पीठ थोडं मळून घ्या. यासाठीच दळतानाच एक वाटी बाजूला काढून, चांगली वाळवून ठेवायची असते. उलट जाळी न पडता अनारसा पुरीसारखा कडक झाला तर दुधाचे चार थेंब किंवा कुस्करलेल्या केळ्याचा छोटा तुकडा. यंदा अधिक महिन्याचा शेवट पावसाच्या तोंडावर आहे, कोकणात जूनमध्ये पीठ वाळायला वेळ लागेल, तेव्हा तांदूळ मेमध्येच भिजत घाला. गोळा फ्रिजमध्ये खुशाल टिकतो.

तेहतीसच का, याचं उत्तर कुणी तेहतीस कोटी देवांकडे नेतं, कुणी साडेबत्तीस महिन्यांकडे. एक योगायोग मात्र गंमतीचा आहे. इस्लामी कालगणनेत अधिक महिना नाही, अकरा दिवसांची तूट तशीच वाहू दिली जाते, आणि रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून पुन्हा त्याच ऋतूत यायला सुमारे तेहतीस वर्षं लागतात. २०३० साली रमजानचा महिना एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरात. चिनी पंचांगातही अधिक महिना आहे आणि नियमही आपल्या नियमाचा सख्खा भाऊ, पण त्यांचा सूर्य ऋतूंवरून मोजला जातो, ताऱ्यांवरून नव्हे. त्यामुळे २०२३ मध्ये त्यांचा दुसरा महिना मार्च-एप्रिलात अधिक झाला आणि आपला श्रावण जुलैत.

इंग्रजी बातम्यांतून ३१ मेला ‘ब्लू मून’ गाजेल, कारण १ मे आणि ३१ मे अशा दोन पौर्णिमा एका महिन्यात येतात. रंग नेहमीचाच असतो. एका महिन्यातली दुसरी पौर्णिमा हा अर्थही १९४६ साली एका अमेरिकन खगोल-मासिकातल्या चुकीतून रूढ झाला. मूळ हिशोब वर्षात बाराच्या जागी तेरा पौर्णिमा आल्या तर जादा कुठली म्हणायची, याचा होता. म्हणजे तोही अधिक महिन्याचाच प्रश्न, फक्त पाश्चात्त्य कॅलेंडरात त्याला काम उरलं नाही म्हणून नावापुरता राहिला. यंदाचा ब्लू मून आपल्या अधिक ज्येष्ठाच्या पौर्णिमेलाच पडतो. २०१२ मध्येही तसंच झालं होतं, पण दर वेळी जुळत नाही.

आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची आणि बोलीभाषेत गटारी, यंदा थेट १२ ऑगस्टला जाते. त्याच दिवशी स्पेन आणि आइसलँडमधून खग्रास सूर्यग्रहण दिसेल. भारतात दिसणार नाही, तेव्हा वेध नाहीत, आणि मटण वेळेवर शिजवायला हरकत नाही.

पुढचा अधिक महिना २०२९ मध्ये, आणि तो चैत्र आहे. एकोणीस वर्षांच्या लयीने जायचं तर २०१० प्रमाणे वैशाख यायला हवा होता, पण त्या चार-पाच तासांच्या फरकाने इथे घात केला. १४ एप्रिल २०२९ ला पहाटे तीनच्या सुमारास अमावास्या संपते आणि चारच्या सुमारास सूर्य मेषेत जातो. या वेळी संक्रांत साडेचार तासांनी नव्हे, जेमतेम तासाभराने हुकते. सूर्य तासाभरात अडीच कलांइतकाच सरकतो. चित्रेवरून मोजणाऱ्या दोन पंचांगांच्या अयनांशांत एवढासा फरक निघाला, तरी एकाचा अधिक चैत्र आणि दुसऱ्याचा अधिक वैशाख व्हायला तो पुरेसा आहे. २०२९ ची पंचांगं बाजारात आली की १४ एप्रिलचा चौकोन दोन-तीन ठिकाणी ताडून बघा.